फोटोसमोरची मूठभर ज्वारी

मित्रांनो, आयाबायांनो, आणि धडगावच्या वरून जीप बदलत इथवर आलेल्या पाव्हण्यांनो,

मी बोलायला उभा राहिलो की थांबत नाही, अशी माझी ख्याती आहे. रमिलाबाई पहिल्या रांगेत बसून मनगटावर बोट ठेवायच्या. म्हणजे, भाऊ, आवरा. आज ते बोट नाही. आणि आज मला सुरुवातच सापडत नाही.

तेव्हा जे समोर दिसतं आहे तिथून सुरू करतो. बाईंच्या फोटोसमोर मूठभर ज्वारी ठेवलेली आहे. हार नाही, उदबत्ती नाही. आपल्या अंधश्रद्धाविरोधी मंडळाचा तसा नियम आहे. पण ज्वारी आहे. सभा सुरू होण्याआधी आपले अध्यक्ष आप्पा माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "भाऊ, त्या दाणा उचलाले सांग. लोके काय म्हनतीन?" आप्पा, मी ते दाणे उचलायला सांगितले नाहीत. ते कोणी ठेवले आणि का ठेवले, एवढंच सांगायला मी उभा आहे.

ज्यांना बाई ठाऊक नव्हत्या त्यांच्यासाठी थोडं. रमिलाबाई नवापूरकडच्या. वडील गावाचे भगत. सुपात ज्वारीचे दाणे टाकून माणसांचं दुखणं आणि दुखण्यामागचं माणूस शोधणारे. मुलगी शिकली, शाळामास्तरीण झाली, अक्राणीतल्या एका पाड्यावर नेमणूक झाली आणि तिथेच राहिली. बदलीसाठी लोक पुढाऱ्यांचे उंबरठे झिजवतात. या बाईने बदली नको म्हणून अर्ज केले. आपल्या मंडळात आली ती स्वतःहून, आणि आली ती थेट स्टेजवर.

तुम्ही तिचा तो प्रयोग पाहिला आहे. शहाद्यात पाहिला, तळोद्यात पाहिला, शाळा-शाळांत पाहिला. सूप घ्यायची. चिमूटभर दाणे टाकायची. जोडीजोडीने सरकवायची. शेवटी जोडी उरली तर माणूस निर्दोष, एकटा दाणा उरला तर दोषी. मग समोरच्या कुणालाही विचारायची, "बोला, काय काढू?" जे सांगाल ते निघायचं. मग अंगठा उचलून दाखवायची. अंगठ्याखाली एक दाणा दडलेला. "माझ्या बापाने मला हे शिकवलं नाही," असं ती म्हणायची, "मी शेजारी बसून बघितलं." लोक हसायचे. टाळ्या पडायच्या. मी अर्धा तास बोलून जे होत नसे ते तिचा अंगठा करायचा.

एकदा कार्यक्रम संपल्यावर एका म्हाताऱ्याने तिला विचारलं, "बाई, भूत नाही म्हणतेस. मग एकट्याला आवाज येतो तो कोणाचा?" ती म्हणाली, "आपलाच असतो, बाबा. म्हणून तर पळून जाता येत नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा.

एका पावसाळ्यात तिच्या पाड्यावर हगवण लागली. तिच्या वर्गातली मुलं गेली. मी किती ते सांगणार नाही, ज्यांची गेली ते इथे बसले आहेत. बाई दारोदार सांगत होती, ओढ्याकाठचा झिरा नासला आहे, वरच्या अंगाला गुरं बसतात, पाणी उकळून प्या. तोच धडा फळ्यावर, तोच धडा चुलीपाशी. लोक मान हलवायचे. आणि तेच पाणी भरायचे.

मग गावाने बडव्याला बोलावलं. बडवा म्हणजे तिथला भगत. सूप आलं. दाणे पडले. आणि एकटा दाणा उरला सायकीबाईच्या नावावर.

सायकीबाई आज आपल्यामध्ये आहेत. पहिल्या रांगेत, निळं लुगडं. शेजारी त्यांची सून ललिता, ती माझं बोलणं त्यांना त्यांच्या बोलीत सांगते आहे. मी इथे जे बोलतो आहे ते त्यांना विचारून बोलतो आहे. ते कसं, ते पुढे येईल.

डाकीण ठरलेल्या बाईचं काय होतं, हे या जिल्ह्यात मी कोणाला सांगायला नको. कायदा आहे. चांगला कायदा आहे. पण त्या दिवशी ओढा भरून वाहत होता आणि कायदा घाटाच्या खाली होता. वर होती एकटी रमिलाबाई. ती त्या गर्दीत शिरली. भाषण केलं नाही. ती म्हणाली, "मी पण भगताची पोर आहे. मला बघू द्या."

आणि तिने सूप मागून घेतलं.

जोडी उरली. सायकीबाईवर डाग नाही. पुन्हा दाणे टाकले, झिऱ्याचं नाव घेतलं. एकटा दाणा उरला. दोष पाण्यात आहे, म्हणाली. महिनोन् महिने फळ्यावर लिहून जे गावाने ऐकलं नाही ते सुपातून आलं आणि गावाने ऐकलं. झिरा त्याच दिवशी काट्यांनी बंद केला. सायकीबाई जगल्या. पोरं मरायची थांबली.

मित्रांनो, यावर आपण काय केलं? आपण बैठक घेतली.

आणि त्या बैठकीत मी बाईच्या विरुद्ध बोललो. मी लपवत नाही, आणि मी ते मागेही घेत नाही. मी म्हणालो, आज दाण्यांनी पाण्याचं नाव घेतलं, उद्या तेच दाणे पुन्हा एखाद्या बाईचं नाव घेतील. तुम्ही सायकीबाईला वाचवलं आणि सुपाला बळ दिलं. जो अंगठा आपण स्टेजवर उघडा करतो तोच तिथे झाकून वापरलात. आपण ठराव केला की यापुढे बाईंनी मंडळाच्या व्यासपीठावरून तो प्रयोग करू नये. एकमताने. तिचंही मत धरून. ठरावाला तिनेही हात वर केला होता.

हात खाली घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमनं म्हननं खरं शे, भाऊ. पन सकाय उगाडालोंग ती बाई जित्ती ऱ्हावाले पाहिजे ना."

उजाडेपर्यंत ती बाई जिवंत राहायला हवी ना. एवढंच. मी पुढचा विषय घेतला.

पुढे काय झालं? मी म्हणालो होतो तेच झालं. बरोबर ठरण्याचा एवढा तिटकारा मला कधी आला नाही. पलीकडच्या पाड्यावर एक म्हातारा तापाने गेला. लोक दाणे बघायला रमिलाबाईकडे आले. तिने नाही म्हटलं, दवाखान्यात का नेलं नाही म्हणून भांडली. ते बडव्याकडे गेले. आता सुपाचा शब्द मोठा झाला होता, मास्तरणीनेसुद्धा मानलेला. दाण्यांनी तिथल्या एका बाईचं नाव घेतलं. रमिलाबाईला हे कळून ती तिथे पोचली तेव्हा घर रिकामं होतं. चूल विझलेली, कोंबड्या अंगणात. माणसं गुजरातेकडे निघून गेली होती. ती परत आली नाहीत.

रमिलाबाई त्या रिकाम्या घरासमोर किती वेळ बसली, मला माहीत नाही. त्यानंतर ती कमी बोलायला लागली. मला फोनवर म्हणाली, "भाऊ, त्या दाण्यांना आवाज मी दिला. आता तो गप्प बसत नाही."

आजारी पडली तेव्हा मी दवाखान्यात भेटायला गेलो. ती शाळेचं बोलत होती, पावसाचं बोलत होती, कोण कुठल्या उतारावरून कसं धावतं ते सांगत होती, आणि मी मुद्द्याची वाट बघत होतो. मुद्दा शेवटी आला. "सायकीबाईला मी खरं सांगितलं नाही. सांगू कसं? दाणे खोटे होते म्हटलं, तर ती डाकीण नाही याला पुरावा काय उरला? तिचं छप्पर त्या दाण्यांवर उभं आहे. मी खोटं बोललेली मरू नये असं वाटतं, आणि खरं बोलले तर तिचं छप्पर जातं. मी गेल्यावर तुम्ही बघा."

तुम्ही बघा. नास्तिकाने नास्तिकाला दिलेला वारसा हा असा.

बाई गेली, आणि मी पाड्यावर गेलो. शेअर जीपने धडगाव, पुढे मिळेल तसं, शेवटी पायी. सायकीबाई अंगणात मका सोलत होत्या. ललिताला मध्ये बसवलं आणि मी सगळं सांगितलं. अंगठा सांगितला. अंगठ्याखालचा दाणा सांगितला. मला वाटलं होतं त्या रागावतील. किंवा रडतील. किंवा म्हणतील, मला माहीतच होतं.

त्यांनी कणीस खाली ठेवलं. आणि त्या जे बोलल्या ते ललिताने मला असं सांगितलं:

"ती म्हणते, बडव्याने नाव घेतलं तेव्हा मलाच वाटलं की असेन. शेजारची पोरगी आजारी पडली, तिला मी सीताफळ दिलं होतं. मला न कळता माझ्यातून काही जात असेल. मी माझे हात बघत बसायचे. मग बाईचे दाणे पडले आणि मी त्या दिवशी जेवले."

आणि मग थांबून, "ती विचारते, भाऊ, ते दाणे खोटे होते, तर मी डाकीण नव्हते, हे कोणी पाहिलं?"

मित्रांनो, मी कपाटंच्या कपाटं वाचली आहेत. ईश्वर नाही, यावर मी कुठल्याही गावात, कुठल्याही पंडिताशी उभ्या उभ्या वाद घालीन. त्या अंगणात माझ्याकडे एक वाक्य नव्हतं.

धर्माकडे आहे. देवाने पाहिलं. संपलं. माणूस डोळे पुसतो आणि जेवायला बसतो. धर्म टिकला तो युक्तिवादावर नाही, या एका वाक्यावर टिकला. आणि मला ते वाक्य नको आहे. आजही नको आहे. कारण ज्याने एके दिवशी सायकीबाईंना निर्दोष पाहिलं त्यानेच आदल्या दिवशी त्यांना डाकीण पाहिलं होतं. तेच सूप. तेच दाणे. जो वरून बघतो म्हणतात त्याच्या नावाने खाली कोण बघतं? बडवा बघतो. बुवा बघतो. बघायला बसलेला माणूस कायम माणूसच असतो.

पण ते वाक्य आपण काढून घेतलं, त्या रिकाम्या जागी आपण काय ठेवलं? ठराव ठेवला. आप्पा, रागावू नका, हात माझाही वर होता. आपण खोट्याला नाही म्हणायला शिकलो. नाही म्हणून झाल्यावर त्या बाईच्या अंगणात थांबायला शिकलो नाही. थांबली एकटी रमिलाबाई. ती पाड्यावर राहिली. आपण सपाटीवर राहून बरोबर राहिलो.

मी सायकीबाईंना म्हणालो, मला उत्तर ठाऊक नाही. त्या म्हणाल्या, "जे मला सांगितलं ते बाईच्या सभेत सांग. मी येते."

आणि परतीच्या जीपमध्ये, घाट उतरताना, मला बाईचा आवाज आला. घाबरू नका. आपलाच असतो तो. दवाखान्यातलं तिचं बोलणं, ज्याकडे मी मुद्द्याची वाट बघत दुर्लक्ष केलं होतं. कोण कुठल्या उतारावरून कसं धावतं.

सायकीबाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर बाईने देऊन ठेवलं होतं. ललिता, नीट सांग त्यांना. बाई मला म्हणाली होती, "ती आजारी पोरगी सायकीबाईच्या पाठीवर होती. स्वतःची नव्हे, शेजारची. भर पावसात ती उतारावरून रस्त्याकडे धावत होती, अनवाणी. मी शाळेच्या दारातून पाहिलं. मला दाणे कशाला बघायला लागतात?"

सायकीबाई, रमिलाबाईने पाहिलं. सुपात नाही. तुमच्याकडे पाहिलं. सूप हातात घेण्याच्या आधीच पाहिलं होतं. दाणे खोटे होते. ती खोटी नव्हती.

आता हे तुमच्या गावच्या माणसांनी ऐकलं. या क्षणापासून दाणे सायकीबाईंना राखणार नाहीत, आणि ज्या मास्तरणीने त्यांना पाहिलं ती गेली. पुन्हा पाऊस येईल. पुन्हा एखादं मूल आजारी पडेल. त्या दिवशी तिथे कोण असेल? मी पुढच्या आठवड्यात वर जातो आहे, राहायला, बाईच्या खोलीत. मला तिथली पावरी बोली येत नाही, आणि तिथे माझ्या भाषणांचा उपयोग नाही, हे मला माहीत आहे. मी एकटा पुरणार नाही, हेही माहीत आहे. ज्यांना यायचं ते या. ठराव नको.

शेवटचं. ही ज्वारी सायकीबाईंनी आणली. मी विचारलं, हे देवाला? त्या म्हणाल्या, बाईला. ती आमच्याकडे जेवायची.

आप्पा, हे दाणे राहू द्या.

आपण सगळे उभे राहू या. डोळे मिटू नका. देवाला मानणारे डोळे मिटतात, आपण आज उघडे ठेवू या. समोर सायकीबाई आहेत, त्यांच्याकडे पाहू या, आणि रमिलाबाईसाठी थोडा वेळ काही न बोलता थांबू या.

आणि जाताना फोटोजवळून जाल, तेव्हा कोणीही ते दाणे मोजू नका.