उशिरा फुटणारी अंडी

ताई : ‘फुटलं नाही म्हणून अंडं मेलं, असं म्हणायचं नाही. आधी भिंगाखाली धरायचं.’ आधीच्या प्रमुख बाई इथून जाताना तुलाही हेच सांगून गेल्या ना?

प्रमुख : सांगून गेल्या, ताई. पण दुपारपर्यंत हा इन्क्युबेटर रिकामा हवाय. बाकीच्या पतंगांच्या अळ्या केव्हाच बाहेर आल्या.

ताई : आल्या आणि उपाशी मेल्या.

प्रमुख : थंडी लवकर सरली, आणि इथली ऊब आपण बाहेरच्या हवेप्रमाणेच ठेवतो. अळ्या निघाल्या, तर झाडाला पान नाही. त्याला मी काय करू?

ताई : स्वयंपाक व्हायच्या आधीच पाहुणे दारात!

प्रमुख : आणि तुमची ही न फुटलेल्या अंड्यांची डिश म्हणजे वरातीमागून घोडं.

ताई : घोडं वेळेवर आहे रे. वरातच लवकर निघाली.

प्रमुख : कोपऱ्यात ऊब कमी लागली असेल.

ताई : मलाही तोच संशय होता. म्हणून रोज सकाळी डिशची जागा बदलते. ऊब सगळ्यांना सारखीच, तरी ही थांबलीत. यांची आई उशिरा निघाली होती, तिची आईही. हा उशीर रक्तातला आहे.

प्रमुख : एका घराण्यावरून सिद्धांत? लोक हसतील.

ताई : हसू देत. मी सिद्धांत मांडत नाही, फेकणार नाही एवढंच म्हणतेय. पूर्वी मुदत संपली की उरलेली अंडी आपण कचऱ्यात टाकायचो. बदलत्या हवेत तगतील अशी जी थोडी होती, तीच नेमकी वेचून फेकली. बाईंना हे कळलं तेव्हा त्या जेवल्या नाहीत. त्यानंतर हे घराणं राखलं.

प्रमुख : मी लेखी आदेश काढला तर?

ताई : काढ की. सही तुझी, डिश माझ्या हातात. मला आवाज चढवता येत नाही, पण मी इथून हलणारही नाही.

प्रमुख : तुम्ही हळू बोलायला लागलात की मला जास्त भीती वाटते. शिकत होतो तेव्हापासून.

ताई : मग भिऊन तरी बघ. हे घे भिंग.

(तो वाकून बराच वेळ पाहतो.)

प्रमुख : काळं डोकं दिसतंय... अहो, हलतंय!

ताई : मेलेलं हलत नाही.

प्रमुख : बरं ताई, खालचा कप्पा तुमचा. पण या निघाल्या आणि तेव्हाही पान नसलं तर?

ताई : रोज झाडापाशी जाऊन येईन, असा बाईंना शब्द दिलाय. आजचं राहिलंय. तू डिशवर झाकण ठेव, मी पालवी बघून येते.