पेशींना लागलेलं वळण

नाही हो चंपतराव, हे घरी नाहीत—म्हणजे हायेत, मागच्या खोलीत, पण बाहेर माणूस दिसला का हे झोपतेत. बसा तुम्ही. मौद्याच्या एसटीनं आले ना? अन् हातात तोच पेपर! 'नागपूरच्या प्राध्यापकाने कॅन्सर वठणीवर आणला'—सकाळपासून माणसं येऊनच राहिली, टीव्हीवाले तेवढे यायचे राहिले. अहो भाऊ, तो माणसातला कॅन्सर नाही. आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी हायेत, कुण्या परदेशी बाईच्या—ते बाई केव्हाचीच गेली—त्या हे लॅबमध्ये काचेच्या बाटलीत वाढवतेत, गुलाबी पाण्यात. सणाच्या दिवशी बी आधी त्यायचं जेवण, मग आमचं! त्यात एक औषध टाकलं का पेशी वाढाचं थांबवतेत, चांगल्या आतड्यासारख्या कामाले लागतेत. वळण लागते त्यायले. अन् औषध काढलं?—पुन्हा जशाच्या तशा! पण हे काहून छापतील पेपरवाले?

म्हणून सांगते, तुमच्या सुभद्राबाईच्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन सांगितलं ना डॉक्टरनं, तर करून घ्या. ते औषध मागू नका. —काय म्हटलं? साहेबायच्या घरचं कोणी असतं तर? अहो, घरचं कोणी कशाले, हे स्वतःच घेऊन राहिले! रोज दुधात घालून. खवट लोण्यासारखा वास मारते, गिलास वेगळा ठेवला मी त्यायचा. मूळव्याध हाये ना यायले—दिवाळीपासून रक्त जाते, वजन बी उतरलं. मी म्हटलं, डॉक्टरले दाखवा. तर म्हणतेत, 'मीच डॉक्टर हाओ!' हो, पीएचडीचे!

काहून असे पाहून राहिले माझ्याकडे? ...सुभद्राबाईचं? ...तिचं बी रक्तच जात होतं? अन् तुम्ही सारे मूळव्याधच म्हणत होते?

हो, पण यायची मूळव्याधच हाये. यायनंच सांगितलं मले. आपल्या तोंडानं सांगितलं. यायच्याइतकं आतड्याचं कोणाले कळते—

थांबा. मूळव्याध हाये, तर हे ते औषध काहून पिऊन राहिले?

चंपतराव, बाहेर रिक्षा उभी हाये ना? जाऊ देऊ नका तिले. सुभद्राबाईले ज्यायनं तपासलं, त्याच डॉक्टरकडे चला.

अहो! उठा. झोपले नाही तुम्ही, मले माहीत हाये. शर्ट घाला अन् निघा. —एक अक्षर बोलू नका.