नकाशावर एकही जागा रिकामी नको

नाही, तुम्ही आधी बसा. आणि दोष कुणाचा हा शोध आता थांबवा — तो माझा आहे. तुमच्या बहिणीचं राहतं घर शाळेच्या वेबसाइटवर जगाला दिसलं, ते माझ्यामुळे. बटण तिनं दाबलं, खरं आहे. पण तिला दाबायला लावलं मी. हे सुरुवातीलाच सांगते, कारण आडून बोलण्याची मला सवय नाही — चौतीस वर्षं वर्गात उभी राहिले, त्यांतली नऊ मुख्याध्यापिका म्हणून. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो. ही खुर्ची घ्या.

तर, वेबसाइट. शाळेला पंच्याहत्तर वर्षं झाली, माजी विद्यार्थ्यांच्या मंडळानं वेबसाइट काढायची ठरवली, आणि माझी सून तेच काम करते — ते समोरचं दार दिसतं ना, ती तिची खोली — म्हणून मी म्हटलं, घरातच होईल. नकाशाची कल्पना माझी. प्रत्येक विद्यार्थी आज जिथे राहतो तिथे एक टाचणी. तिच्यावर बोट ठेवलं की नाव आणि शाळा सोडल्याचं वर्ष. सुंदर कल्पना होती — हो, अजूनही म्हणते, सुंदर होती. पण ब्राउझर ऐकेना. आधी म्हणाला, ही साइट सुरक्षित नाही, हिला मी कुणाचा ठावठिकाणा विचारूच देणार नाही. सुनेनं दोन दिवस खपून ते सुरक्षिततेचं प्रमाणपत्र मिळवलं, तर पुढची पाटी हजर — ‘ही साइट तुमचं ठिकाण जाणून घेऊ इच्छिते’, आणि खाली दोन बटणं : ‘परवानगी द्या’, ‘नाकारा’. मी म्हटलं, ही पाटी काढून टाक, माणसं बिचकतात. ती म्हणाली, “आई, ती मला काढता येत नाही, आणि येत असती तरी काढली नसती. ब्राउझर उगाच नाही विचारत.” मग म्हणाली, निदान टाचणी ढोबळ ठेवू, नुसतं शहर दाखवू, आणि नकाशाला पासवर्ड लावू. मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, हजेरीपटात ‘साधारण हजर’ असा शेरा असतो का? आणि शाळा काय तिजोरीत ठेवायची वस्तू आहे? — ती हसली नाही. मला वाटलं, हिला विनोद कळत नाही.

चारशे बारा नावं, आणि त्यांपैकी एकशे सहा जणांनी ‘नाकारा’ दाबलं. एकशे सहा! माझ्या विद्यार्थ्यांनी! मग मी सूचनापत्र लिहिलं. सुनेनं शेजारी त्या पाटीचं चित्र लावलं, बाणासकट. मजकूर सगळा माझा. ‘ब्राउझर आपणांस प्रश्न विचारील. त्याने गोंधळून जाऊ नये. ‘परवानगी द्या’ हे बटण दाबावे.’ एकही शब्द जास्त नाही. त्या वेळी अभिमान वाटला होता मला त्या पत्राचा. — घ्या, पाणी घ्या.

हो, पुढचं तुम्हांला ठाऊक आहे. माझ्याहून जास्त ठाऊक आहे. टाचणी लागल्यापासून अकराव्या दिवशी तुमच्या बहिणीचा नवरा तिच्या दारात उभा राहिला. तिचा हात दोन ठिकाणी मोडला, आणि सहा वर्षांच्या मुलीला घेऊन तो निघून गेला. दोन वर्षं ती ज्याच्यापासून लपली होती, त्याला मी इमारतीच्या कोपऱ्यापर्यंत वाट दाखवली. आणि गुरुवारी न्यायालयात त्याचा वकील काय म्हणणार? जिला नवऱ्याची एवढी भीती, ती स्वतःच्या हातानं ‘परवानगी द्या’ दाबते का? ब्राउझरनं विचारलं होतं, हिनं विचार करून हो म्हटलं. म्हणजे भीती खोटी, म्हणजे मुलगी बापाकडे. चोख युक्तिवाद आहे. मीच त्याला तो तयार करून दिला.

काय म्हणालात? सूचनापत्र तर चारशे जणांना गेलं, मग तिनंच का ऐकलं? …तिनं ऐकलं नव्हतं. एकशे सहांत होती ती. पत्र मिळाल्यावरही तिनं नाकारलंच.

मी फोन केला तिला. हे मंडळाला माहीत नाही. — नाही, सुनेलाही नाही. ती त्या दारामागे आहे, आणि टंकलेखनाचा आवाज थांबला आहे, म्हणजे आता तिनंही ऐकलं. ऐकू दे. मी यादी घेऊन बसले होते, एकेकाला फोन करत. ती म्हणाली, “बाई, माझी जागा रिकामी राहिली तर नाही का चालणार?” मी म्हटलं, का? कुणाची चोरी केली आहेस? वर म्हटलं, माझ्या वर्गात तू कधी कोरा कागद दिला नाहीस. तिच्या घरात काहीतरी बिनसलंय, नवऱ्याला सोडून राहते, हे माझ्या कानावर होतं — होतं, नाही कसं म्हणू — आणि मला वाटलं, शरमेनं लपते आहे. हिला जरा ताठ उभं केलं पाहिजे. मग ती म्हणाली, “बरं, बाई.” चार मिनिटांत टाचणी आली. मी सुनेला बोलावून दाखवली. म्हटलं, बघ, असं करून घ्यायचं असतं काम.

रडू नका. किंवा रडा, मी कोण सांगणार.

मंगळवारी मंडळाची बैठक झाली. नकाशा कायमचा बंद — सातही जणांना मान्य. ते सूचनापत्र न्यायालयात सादर करावं, हा ठराव मी मांडला, तर अध्यक्ष म्हणाले, “बाई, पान काढलं ना आपण? आता शाळेचं नाव कशाला त्यात?” — माझाच विद्यार्थी, हुशार होता. पाच विरुद्ध दोन. ते दोन हात माझा आणि सुनेचा — वेबसाइटमुळे तीही मंडळावर आहे. म्हणून मी एकटी जाणार. पत्र देणार, त्या फोनची तारीख आणि वेळ देणार, आणि तिनं दोनदा नाकारलं होतं हे माझ्या तोंडानं सांगणार. दोन्ही नकारांची नोंद सुनेकडे आहे, आणि ती साक्षीला यायला तयार आहे — निदान काल तरी तयार होती.

तुमची बहीण? तिला मी विचारलेलं नाही. मी न्यायालयात उभी राहिलेली तिला चालेल का, हे तुम्ही विचारा, आणि ती नको म्हणाली तर कागद तिच्या वकिलाकडे पाठवते. — नाही, तो फोन खाली ठेवा. इथून लावू नका, माझ्या हातात तर मुळीच देऊ नका. माझा आवाज ऐकला की ती ‘बरं, बाई’ म्हणते. घरी जाऊन विचारा. मी शेजारी नसताना.

या आता.