जी डिस्क कधी सुटली नाही

सन्माननीय अध्यक्षा मोठ्या डॉक्टर, मंचावरचे पाहुणे, आज ज्यांचा निरोप समारंभ आहे ते आमच्या सर्व्हर रूमचे प्रमुख सर, शेजारी बसलेल्या काकू आणि माझ्या सहकाऱ्यांनो,

मला भाषण येत नाही, अहवाल येतो. म्हणून आधी घडलं ते क्रमाने सांगते.

एक. आपल्या केंद्रातला प्रत्येक एक्स-रे एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिला जातो.

दोन. गेल्या महिन्यात केबल सैल होऊन पहिली डिस्क सुटली. दुपारपर्यंत दुसरीने एकटीने काम ओढलं.

तीन. पहिली परत जोडली. मधल्या वेळात जे बदललं, तेवढंच दुसरीवरून तिच्यात भरायला घेतलं.

चार. भरता भरता दुसरीच कुरकुरू लागली.

आता सरांविषयी. सुटलेली डिस्क परत आली की सर तिला लगेच कामाला जुंपत नाहीत. तिच्यावरची शेवटची नोंद बघतात आणि चक्क मोठ्याने विचारतात, "काय गं, कुठपर्यंत आठवतंय?" हसू नका, काकू, घरीही विचारत असतील.

आमचा वायर (अंगकाठीवरून पडलेलं नाव, तो हसतोय, म्हणजे राग नाही) दोन वर्षं दुसरीकडे नोकरी करून परत आला, तेव्हा सरांनी त्यालाही दारातच विचारलं, "काय रे, कुठपर्यंत आठवतंय?" सगळ्यांना चहा आला. वायरला खिडकीजवळची खुर्ची मिळाली. ती आधी कुणाची होती, हा तपशील गौण आहे.

मग सर मला म्हणाले, "मधे बदललं तेवढंच सांग त्याला. पहिल्यापासून नको, हुशार आहे तो."

सांगितलं. माझं काम सांभाळून, रोज. वायर म्हणायचा, "तू म्हणजे चालताबोलता बॅकअप आहेस गं!" ही स्तुती असते का हो? बॅकअपला कुणी प्रमुख केल्याचं ऐकलंय?

मला वायरचा हेवा वाटतो. पाठीमागे बोलायची सवय नाही, म्हणून माइकवर सांगते. त्याला माझ्याजवळचं सगळं मिळालं, आणि बाहेरून आणलेलं त्याचं त्याच्याकडे आहेच. जो जातो, त्याच्या परत येण्याचं कौतुक होतं. जो गेलाच नाही, त्याचं कशाचं करणार? चालू डिस्कवरचा हिरवा दिवा काय, रोजच लागलेला असतो.

तर, दुसरी डिस्क कुरकुरली. वायर म्हणाला, "अरेच्चा, ही तर चांगली होती!"

सरांनी चष्मा काढला. "चांगली होती म्हणून तर कुणी बघितलं नाही. सगळा भार हिच्यावर, वर त्या पहिलीला भरवायचं कामही हिलाच. थांबवा ते. आधी हिला सांभाळा."

आधी तिच्यावरचं सगळं बाहेर उतरवून घेतलं. एकही एक्स-रे गेला नाही. सर, इतकं नेमकं मी तुमच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. फक्त तेव्हा तुम्ही डिस्ककडे बघत होतात.

सोमवारपासून सर्व्हर रूमची किल्ली, म्हणजे तुमची जागा, वायरकडे जाणार, असं जिन्यात ऐकलं. अंदाजाने काही करू नये, विचारावं, ही तुमचीच शिकवण. मला दुसऱ्या एका केंद्राने बोलावलं आहे. त्यांना शनिवारी कळवायचं आहे.

सर, जे येतं ते तुमच्यामुळे येतं. त्याबद्दल मनापासून आभार. काकू, आता ते तुमच्या ताब्यात, जपा. अध्यक्षांनी वेळ दिला, तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलं, आभारी आहे. निरोपाच्या प्रसंगी शोभणार नाही असं काही बोलले असेन, तर माफ करावं.

एवढीच विनंती. शुक्रवार तुमचा शेवटचा दिवस आहे. किल्ली कुणाकडे, ते त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मला स्वतः सांगावं.