डब्यात उरलेली स्प्रिंग

सकाळचे नऊ वाजून सतरा मिनिटं. इतकं नेमकं कसं लक्षात राहिलं म्हणाल तर सांगते, सहापासून रडणाऱ्या माझ्या पोरीचा नऊ सतराला एकदाचा डोळा लागला, मी घड्याळाकडे बघून मनात म्हटलं, चला, आता अर्धा तास तरी जीवाला स्वस्थता... आणि तेवढ्यात मागच्या पत्र्याच्या शेडमधून असा आवाज आला, जणू कुणी भांड्यांची मांडणीच पाडली. पोर दचकून उठली. तिला खांद्यावर टाकून धावत गेले, तर आमचे हे हातात ताडपत्री धरून उभे, अंगावर अकरा वर्षांची धूळ, आणि चेहऱ्यावर लॉटरी लागल्यासारखं हसू.

"अगं, बघ, इंजिनाला काहीसुद्धा झालेलं नाही."

आता बोनेट न उघडता यांना हे कसं कळलं? चपलांच्या दुकानात दिवसभर लोकांचे पाय मोजणारा माणूस, त्याला इंजिनातलं काय कळतं? पण मी काही बोलले नाही.

गाडी सासऱ्यांची. बाटलीसारखी हिरवी, गोल डोळ्यांची, एके काळी म्हणे लोक थांबून बघायचे. अकरा वर्षांपूर्वी सासरे एके दिवशी बाहेरून आले, गाडी शेडमध्ये लावली, वर ताडपत्री टाकली, किल्ली चष्म्याच्या घरात ठेवली आणि जेवायला बसले. त्यानंतर गाडीला हात नाही. का? लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सासूबाईंना विचारलं, तर त्या इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "त्यांना विचारू नकोस हो. मीही नाही विचारलेलं." तुम्हीच सांगा, घरामागे एवढं धूड झाकून ठेवलंय आणि का ते कुणी विचारायचं नाही, तर माणसाच्या मनात काय काय येईल? मला तर भाजी निवडताना त्या शेडकडे पाठ करून बसवत नव्हतं.

यांनी किल्ली मागितली तेव्हा सासऱ्यांनी चष्म्याचं घर उघडलं, किल्ली तेवढी काढून दिली, आणि घर टक्‌ करून मिटलं. आत आणखी काहीतरी खुळखुळलं. मी ऐकलं. पण मी काही बोलले नाही.

मग आले मिस्त्री. गॅरेजातून निवृत्त झालेले, ऐकायला थोडे कमी, बोलायला अजिबात कमी नाहीत. त्यांची एक पद्धत. "वहिनी, जे उघडलं ते डब्यात, डबा फळीवर, आणि बसवताना उलटीकडून. चाळीस वर्षांत एक खिळा इकडचा तिकडे नाही." डबे कुठले? माझ्या पोरीच्या दुधाच्या पावडरचे. एकसारखे एकतीस डबे. आणि चिठ्ठ्या लिहायला मी, कारण शिक्षण सातवीपर्यंतच असलं तरी माझं अक्षर बघून बाई फळ्यावरचा सुविचार मलाच लिहायला लावायच्या. 'पुढचं डावं चाक, ब्रेक.' 'मागचं उजवं चाक, ब्रेक.' असं सुवाच्य लिहून सगळ्या झाकणांवर चिकटवल्या. झाकणांवर हं. वरून वाचता याव्यात म्हणून. हे लक्षात ठेवा.

तीन महिने घरात कशाचा वास? ऑइलचा. पोरीच्या दुपट्याला ऑइल, माझ्या उशीला ऑइल. एका दुपारी बॅटरी जोडली, तर हॉर्न आपोआप सुरू झाला आणि थांबेच ना. गाडी एवढं कुणाला बोलावत होती देव जाणे. पोर निळी होईस्तोवर रडली. तेव्हा मात्र मी ओरडले, "मिस्त्री, त्याचा गळा दाबा आधी." त्यांनी आत हात घालून कसलीशी वायर उपटली. शांत. तेवढंच एकदा या घरात माझं कुणी ऐकलं, आणि तेच मला भोवणार होतं... पण ते पुढे.

गेल्या बुधवारी गाडी जोडून झाली. एकतीस डबे रिकामे. म्हणजे तीस रिकामे. एकतिसाव्यात एक स्प्रिंग. करंगळीएवढी, शहाण्यासारखी गप्प पडलेली.

हे म्हणाले, "मिस्त्री, हे काय?"

मिस्त्रींनी ती उजेडात धरली, हुंगली, आणि म्हणाले, "जास्तीची आहे. कंपनी देते एखादी जास्त."

कंपनी देते? भाजीवाला कोथिंबीर देतो तशी?

"बरं मग," हे माझ्याकडे वळले, "रविवारी नऊला निघायचं. तुझ्या आईकडे. नातीला पाहून किती दिवस झाले म्हणतात ना? तू पोरीला घेऊन पुढे बस."

माझ्या आईचं घर कुठे? उताराच्या तळाशी. तो उतार तुम्हाला माहीत आहे, पायी उतरतानासुद्धा आपण पायाला ब्रेक लावतो. आणि ज्या गाडीतून स्प्रिंग उरली तिच्यात माझी सात महिन्यांची पोर. तरी मी काही बोलले नाही. का नाही बोलले? आता सांगायलाच हवं.

तुम्हाला सांगते, दोष मिस्त्रींचा नव्हता. शेड गळायला लागली तेव्हा सगळे डबे मीच उचलून ओट्यावर आणले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे बाटलीची वेळ, पोरीचा टाहो, माझे डोळे अर्धे मिटलेले, आणि पावडरचा डबा त्याच गर्दीत. एक उघडला, नट. दुसरा उघडला, वायसर. तिसरा, चौथा, पाचवा, स्प्रिंगा, स्प्रिंगा... पावडर सापडली, पोर निजली, आणि मी झाकणं लावून टाकली. हाताला आली तशी. चिठ्ठ्या कशावर होत्या? झाकणांवर. आलं लक्षात?

दोन दिवस कसेबसे काढले. शेवटी काल सासरे ओसरीत एकटे बसलेले बघून मी ती स्प्रिंग त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. रडतच. त्यांनी माझ्याकडे बघितलं, स्प्रिंगकडे बघितलं, मग चष्म्याचं घर उघडलं आणि तिच्या शेजारी दुसरी स्प्रिंग ठेवली. तश्शीच. करंगळीएवढी.

"ही माझी उरली होती," म्हणाले. "अकरा वर्षांपूर्वी. ब्रेक मीच घरी उघडले होते."

"अगं बाई... बाबा, मग उतारावर ब्रेक लागला नाही?"

"लागला."

"मग?"

"एकाच बाजूचा लागला."

उताराच्या शेवटी पिठाच्या गिरणीची भिंत आहे ना? ती भिंत आणि गाडीचं नाक यांच्यात वीतभर जागा राहिली होती म्हणे. सासऱ्यांनी हाताची वीत करून दाखवली.

"आणि तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत?"

"कुणी विचारलंच नाही."

हे आणि मिस्त्री गाडी पुसत होते, आम्ही दोघं शेडमध्ये गेलो. सासरे पुढे, मी मागे, शाळेत पट्टी खायला जावं तसं. माझं ऐकून हे म्हणाले, "अगं, मग आधी बोलायचं नाही का?" वडिलांचं ऐकून खालीच बसले. मिस्त्री पालथ्या बादलीवर बसले. चारही चाकं पुन्हा उघडली. माझ्या स्प्रिंगची जागा सापडली, ती पुढच्या डाव्या चाकात गेली, सासऱ्यांची मागच्या उजव्या. संध्याकाळी सगळं पुन्हा बंद झालं, हे गल्लीत दहा वेळा पुढेमागे करून आले, गाडी सरळ थांबली. मिस्त्रींनी एकतीसच्या एकतीस डबे उपडे करून बघितले. काही पडलं नाही. तर त्यांचा चेहरा उतरला.

"काहीच उरलं नाही?" म्हणाले. "वहिनी, चाळीस वर्षांत असं कधी झालं नाही."

म्हणजे बघा.

तर पोर उद्या सासूबाईंजवळ राहील, हे मी ठणकावून सांगितलं. ती दुसऱ्या फेरीला. दुसरी फेरी झाली तर. पण मला जावं लागणार. कारण उपटलेली ती हॉर्नची वायर मिस्त्रींना आता सापडत नाहीये, आणि हे म्हणतात, "हॉर्न कशाला हवा? तू आहेस ना. खिडकीतून डोकं काढ आणि बोलत राहा."

इतकी वर्षं मी काही बोलले नाही, आता उतारभर ओरडत जायचंय. तेव्हा बायांनो, इथून डॉक्टरांकडे आत जायच्या आधी एवढं ऐका, तुम्ही सगळ्या त्याच रस्त्याच्या. उद्या रविवार, सकाळी नऊला हिरवी गाडी उतरेल. बाईचा आवाज आला की पोरंबाळं घेऊन बाजूला व्हा. आणि गिरणीवाल्याला कुणीतरी आठवणीनं निरोप द्या, नऊ ते सव्वानऊ भिंतीला टेकून बसू नका म्हणावं.