आठ नंबरचा जोड

...आणि वर म्हणे, सावकाश करा! अहो, सावकाश म्हणजे किती सावकाश? तुम्हाला सांगतो, बुटांच्या दुकानात बावीस वर्षं काढली मी, लोकांच्या पायाशी बसून. चेहरे विसरतो, टाचा विसरत नाही. आणि मला ती फिजिओथेरपीवाली पोरगी सांगते, "काका, गुडघा दुखतोय ना, मग अनवाणी पळून बघा." म्हणजे न्हाव्याला सांगायचं, दाढी वाढव.

बरं, सरळ पळायचं तरी? छे. पहिला आठवडा घरातल्या घरात नुसतं अनवाणी चालायचं. मग बागेतल्या हिरवळीवर, काच-खडा बघून, एक मिनिट पळायचं. एक मिनिट हो... नाडी बांधायला जास्त लागतं. पावलं छोटी, टाच आपटायची नाही, मधे एक दिवस सुट्टी, पोटरी दुखली की बंद. "काका, सावकाश." आणि बायकोचं तिसरंच, "आधी पाय पुसून आत या."

आता मला दम निघतो का? हिरवळीवर तिसऱ्याच दिवशी एका मिनिटाची वीस केली. छान वाटलं. दुसऱ्या दिवशी दुकानात माळ्यावरून खोकं काढायला शिडी चढलो, आणि उतरता येईना. पोटऱ्यांचे दगड झालेले. खाली गिऱ्हाईक सँडल हातात धरून वर बघतंय, मालक विचारतायत, "काय, वरच मुक्काम का?" तिथं शिडीवर कानाला खडा लावला, सावकाश म्हणजे सावकाश.

पुन्हा पहिल्यापासून. एकाची दोन मिनिटं, दोनाची तीन... चार महिने. गुडघा गप्प झाला. खरं सांगतो, सकाळी ओल्या गवतावर पाऊल पडलं की इतका आनंद व्हायचा की वय विसरायला व्हायचं. पण दुकानात बोलायची सोय आहे का? बूट विकणारा माणूस अनवाणी पळतो हे कळलं तर मालक घरीच बसवतील. आणि पन्नाशीत दुसरी नोकरी कोण देतो?

तर त्याच मालकांनी शर्यतीत माझं नाव घातलं. तीन किलोमीटर, छातीवर दुकानाचं नाव, पायात नव्या मालातला बूट. मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार? रॅकवरून आठ नंबरचा जोड उचलला. बावीस वर्षं आठच. दिवसाला चाळीस पाय मोजणारा मी, स्वतःचा कशाला मोजतोय? आणि पाय तर चार महिन्यांत मोकळा पसरलेला. शर्यतीच्या सकाळी मालकांना म्हटलं, जरा चावतोय हो. तर म्हणतात कसे, "वापराल तसा सैल होईल." अहो, हे माझं वाक्य! बावीस वर्षं मी लोकांच्या तोंडावर फेकलेलं!

पहिला किलोमीटर कसाबसा काढला. दुसऱ्यात करंगळीनं हात टेकले. समोर रस्ता बघितला, काच नाही, खडा नाही. बसलो कडेला, काढले बूट, घेतले दोन हातांत, आणि निघालो. सावकाश, छोटी पावलं... आणि तरी माणसं मागं पडायला लागली हो. पाय उडतायत आणि डोक्यात एकच, गेली नोकरी, गेली नोकरी. शेवटच्या रेषेवर मालक, तोंड लालबुंद. तेवढ्यात फोटोवाला ओरडला, "बूट वर धरा, बूट!" धरले. करतो काय?

फोटो सगळीकडे फिरला. सोमवारी दुकान उघडलं तर पहिलीच बाई, "ते हातात धरून पळायचे बूट दाखवा." मी म्हटलं, बाई, ते तसे नाहीत... तर मालकांचं कोपर माझ्या बरगडीत. "दाखवा की त्यांना, केवढे हलके आहेत ते!" चार दिवसांत माळा रिकामा.

नोकरी वाचली, नाही म्हणत नाही. पण आता रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी बाजारातून तीन फेऱ्या, अनवाणी, दोन्ही हातांत बूट, वर धरून. गुडघा ठणठणीत, खांदे कामातून गेले. पुढच्या आठवड्यात गमबूट येतायत. काल मालकांनी स्वतः टेप घेऊन माझं माप घेतलं.

हातांचं.