दादाच्या गाण्यांमधला अर्धा सेकंद

…अर्धा सेकंद हो! तुम्हाला सांगतो, एवढ्याशा अर्ध्या सेकंदाने माझं डोकं पोखरून काढलं! आमचा दादा, माझा थोरला भाऊ, बावीस वर्षं नाचाच्या हॉलमध्ये गाणी वाजवायचा… वाजवायचा कसला, विणायचा! एक संपायच्या आत दुसरं असं सरकवायचा की नाचणाऱ्यांचे पाय थांबायचेच नाहीत. त्याची एक सीडी घरात होती, चौदा गाणी, सलग, मध्ये श्वास घ्यायलाही फट नाही. आणि त्याच्या मेंदूत गुठळी झाली! वाचा गेली, उजवी बाजू गेली… डॉक्टर म्हणाले, "फार आशा धरू नका." नुसता छताकडे बघत पडलेला. वहिनी म्हणाली, "भाऊजी, त्यांना त्यांचीच गाणी ऐकवू या का?"

ऐकवू या! मी सीडीतल्या एकेका गाण्याची एमपीथ्री फाइल केली, फोनवर घेतली, हेडफोन त्याच्या कानाला लावला. पहिलं गाणं झकास… आणि दुसरं सुरू होताना टक्! शांतता. अर्धा सेकंद! दादाच्या कपाळाला आठी, बोटं चादरीवर चाचपतायत… गाणी जोडायच्या मिक्सरचं बटण शोधत होता हो! दर पाच मिनिटांनी हेच. नर्स मलाच झापते, "पेशंटला त्रास कशाला देताय?" मी देतोय?

दुकानदार म्हणाला, "फोन बदला." बदलला. अर्धा सेकंद तसाच! शेवटी एक रेकॉर्डिंगवाल्या बाई भेटल्या. "अहो, ही फाइल म्हणजे एका मापाचे डबे. शेवटचा डबा भरेल एवढं गाणं उरलं नाही, की राहिलेल्या जागेत शांतता भरतात. चौदा फाइली कशाला? अख्ख्या सीडीची एकच करा!"

केली! फट गायब! दादाचा चेहरा निवळला, हात शांत. वहिनी रडली, मी रडलो. आठवडाभर कसा निवांत पडून होता!

मग व्यायाम करून घेणाऱ्या बाई आल्या. "उजवा हात हलत होता, असं नर्सने लिहिलंय. आता का हलत नाही?"

मी छाती फुगवून म्हटलं, "थांबवला ना मी!"

"अहो, लुळ्या बाजूचा हात तो! तेवढाच जागा होत होता… आणि तुम्ही झोपवलात?"

जुन्या चौदा फाइली पुन्हा चढवल्या. आता सकाळ-संध्याकाळ सख्ख्या भावाला मुद्दाम छळतो. टक् झालं की आठी, मग बोटं… काल मनगट उचललं. जरासंच. पण डोळ्यांत राग केवढा! बावीस वर्षांत ज्याचं एक गाणं तुटलं नाही, त्याची गाणी मी दिवसाला सव्वीस वेळा तोडतो!

वहिनी म्हणते, "भाऊजी, हे उठले ना, तर आधी तुम्हाला बडवतील."

म्हटलं, "बडवू दे, वहिनी… फक्त उजव्या हाताने बडवू दे."